रात्रीची दारू, सकाळची गाडी: कलम १८५ खालील एका प्रकरणाचा अभ्यास

पार्श्वभूमी

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खालील, म्हणजे मद्याच्या अमलाखाली वाहन चालवल्याचे, हे प्रकरण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी घडले. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली, त्यानंतरचे ते आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. चालक, त्याची पत्नी आणि त्याचे वकील यांच्याशी झालेल्या बोलण्यावर आणि त्यांनी दाखवलेल्या कागदपत्रांवर हे लेखन आधारलेले आहे.

चालकाचे वय ३४. शेतीची अवजारे विकणाऱ्या एका कंपनीत तो विक्री प्रतिनिधी होता आणि आठवड्यातले बहुतेक दिवस स्वतःच्या मोटारीने तालुक्यांच्या गावी फिरत असे. त्याच्यावर पूर्वी कोणताही गुन्हा नव्हता आणि तो रोज पिणारा नव्हता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा प्रकरणांविषयी बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर झोकांड्या खाणारा दारुडा उभा राहतो आणि मग वाचणारा स्वतःला त्या चित्रातून सहज बाहेर काढतो. इथे तसा कोणी माणूस नव्हता.

आदल्या रात्री एका मित्राच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता. रात्री नऊपासून दीडपर्यंत चालकाने मद्य घेतले, सव्वादोनला तो मित्राकडेच झोपला आणि सहाला उठला. साडेनऊला तालुक्याच्या गावी विक्रेत्यांची बैठक होती. सोबत त्याचा २६ वर्षांचा कनिष्ठ सहकारी होता. त्याने दारूला स्पर्शही केला नव्हता आणि त्याच्याकडे मोटार चालवण्याचे वैध लायसन्स होते. आंघोळ आणि दोन कप चहा झाल्यावर सहा पन्नासला दोघे निघाले. गाडीपाशी आल्यावर सहकाऱ्याने एकदा विचारले, “दादा, मी घेऊ का गाडी?” त्यावर चालक म्हणाला, “अरे, रात्रीचं केव्हाच उतरलंय.” तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखर तसेच वाटत होते.

घटना

सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास एका चौकात उजवीकडे वळताना मोटारीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याची धडक एका स्कूटरच्या मागच्या चाकाला बसली. वेग फार नव्हता. स्कूटर चालवणारी ४३ वर्षांची महिला उजव्या हातावर पडली आणि तिच्या मनगटाचे हाड मोडले. पोळी-भाजीचे डबे करून घरोघरी पोहोचवणे हा तिचा व्यवसाय. त्या सकाळचे डबे हँडलला लावलेल्या पिशव्यांत होते.

चालकाने नंतर सांगितले की स्कूटर त्याला दिसली होती, पण ती अजून लांब आहे असे वाटले. हे वाक्य महत्त्वाचे आहे. थोड्या प्रमाणातले मद्य माणसाला लगेच लडखडवत नाही. ते अंतराचा आणि वेगाचा अंदाज बिघडवते, ब्रेककडे पाय जायला लागणारा वेळ वाढवते आणि आपण ठीक आहोत ही खात्री मात्र शाबूत ठेवते. चार तासांपेक्षा कमी झालेली झोप त्यात भर घालते.

समस्या: ‘उतरली’ असे वाटणे आणि रक्तातले प्रमाण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे किंवा चालवण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे. चालकाचे हातपाय स्थिर होते का, तो नीट बोलत होता का, हे प्रश्न त्यात येत नाहीत. शेवटचा घोट किती वाजता घेतला हेही कायदा विचारत नाही. गाडी चालवताना रक्तात किती होते, एवढेच पाहिले जाते.

या प्रकरणात सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पोलीस ठाण्यात झालेल्या श्वास तपासणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ६१ मिलिग्रॅम आले (पुढचे मिलिग्रॅमचे आकडेही याच मापातले आहेत). नऊ वीसला सरकारी रुग्णालयात घेतलेल्या रक्ताचा न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल ४४ मिलिग्रॅमचा आहे. दोन आकडे वेगळे दिसल्यामुळे चालकाच्या घरच्यांना तपासणीत घोळ असल्याची शंका आली होती. खरे तर ते एकमेकांना पुष्टी देतात. यकृत साधारण ताशी १५ मिलिग्रॅम या गतीने रक्तातला मद्यार्क कमी करते. माणसागणिक ही गती थोडी कमी-जास्त असते, पण सव्वा तासात १७ मिलिग्रॅमची घट या हिशेबात सरळ बसते.

हाच हिशेब मागे नेला तर रात्रीचेही चित्र स्पष्ट होते. व्हिस्कीसारख्या मद्याच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ७५ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे सुमारे ४० मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे एकच मोठा पेग कायद्याची मर्यादा ओलांडायला पुरेसा ठरू शकतो. चालक म्हणतो, “पाच घेतले.” ते सगळे मोठे होते आणि शेवटचे दोन मित्रांनी हाताच्या अंदाजाने ओतलेले होते. अशा हाताने ओतलेला पेग ६० मिलिलिटरवर थांबत नाही, आणि सकाळचे ६१ मिलिग्रॅम पाहता प्रत्यक्षातले प्रमाण सहा मोठ्या पेगांच्या आसपास असावे. नऊ वाजता सुरुवात धरून सकाळी आठपर्यंतच्या अकरा तासांत शरीराने सुमारे १६५ मिलिग्रॅम कमी केले. उरलेले त्याच्यासोबत गाडीत बसले. आंघोळ, चहा, कॉफी, लिंबूपाणी, उलटी, मोकळी हवा यांपैकी कशानेही यकृताची गती वाढत नाही. माणसाला फक्त तरतरी येते, आणि हीच तरतरी फसवते. झोपेतही यकृत त्याच संथ गतीने काम करत असते, तरीही ‘रात्र गेली म्हणजे दारू गेली’ हे गृहीतक पक्के रुजले आहे.

समस्येची दुसरी बाजू कायद्याच्या परिणामांविषयीच्या गैरसमजाची होती. चालकाच्या नातेवाइकांत ‘दहा हजार भरले की सुटला’ असे ठामपणे सांगितले जात होते. तो आकडा कायद्यात खरोखर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मात्र सिग्नल तोडल्याची पावती जागेवर फाडतात तसा हा गुन्हा मिटत नाही, त्यासाठी न्यायालयातच जावे लागते. शिवाय दंड हा परिणामांचा सर्वांत लहान भाग आहे. न्यायालय, आरटीओ, विमा कंपनी आणि नोकरी या चार ठिकाणी चार स्वतंत्र प्रक्रिया सुरू होतात आणि त्यांतली कोणतीही दुसरीसाठी थांबत नाही.

पर्याय आणि निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा: गाडीपाशी. इथे सर्वाधिक पर्याय होते आणि सर्वांत कमी विचार झाला. सहकाऱ्याला चावी देणे हा बिनखर्चाचा पर्याय समोर उभा होता. एसटीने जाता आले असते, किंवा वरिष्ठांना फोन करून बैठक दुपारी घेता आली असती. चालकाला यांपैकी काहीच आवश्यक वाटले नाही, कारण त्याने प्रश्न ‘मला चढली आहे का’ असा घेतला, ‘माझ्या रक्तात किती उरली असेल’ असा घेतला नाही. सहकाऱ्याने एकदा विचारले आणि ज्येष्ठाने उडवून लावल्यावर तो गप्प बसला. आपल्याकडे वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाच्या हातून चावी काढून घेणे किती अवघड असते, हे समजून घेतल्याशिवाय या टप्प्याला न्याय देता येणार नाही. तरीही कायदा इथे थोडा कठोर आहे. कलम १८८ नुसार कलम १८५ च्या गुन्ह्याला प्रोत्साहन देणाराही त्याच शिक्षेला पात्र ठरतो. पोलिसांनी सहकाऱ्याला त्याविषयी प्रश्न विचारले. त्याने गाडी चालवायची तयारी दाखवली होती हे चालकानेच मान्य केल्यामुळे त्याच्यावर कारवाई झाली नाही, मात्र तो सरकारी पक्षाचा साक्षीदार झाला.

दुसरा टप्पा: चौकात. धडकेनंतर काही क्षणांतच चालकाने एका मित्राला फोन केला. मित्राने सल्ला दिला की गर्दी जमायच्या आत तिथून निघावे, नंतर बघता येईल. दुसऱ्या एका परिचिताने सुचवले की गाडी सहकारी चालवत होता असे सांगावे, तो प्यायलेला नाही आणि त्याचे लायसन्सही आहे. हे दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले होते आणि दोन्ही घातक होते. अपघातातील जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी कलम १३४ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे, आणि पळून जाणे हा वेगळा गुन्हा ठरतो. दुसऱ्याला चालक म्हणून पुढे करणे म्हणजे पोलिसांना खोटी माहिती देणे, आणि त्यात निर्दोष सहकाऱ्यालाही ओढणे. चौकातल्या लोकांनी कोण स्टिअरिंगवरून उतरले ते पाहिलेच होते.

चालक थांबला. त्याने आणि सहकाऱ्याने त्या महिलेला रिक्षातून जवळच्या रुग्णालयात नेले आणि तिच्या मुलाला तिच्याच फोनवरून कळवले. संपूर्ण प्रकरणात या निर्णयाइतका योग्य निर्णय दुसरा कोणता झाला नाही असे माझे मत आहे. पुढे शिक्षेच्या वेळी न्यायाधीशांनी त्याची नोंद घेतली.

तिसरा टप्पा: तपासणी. पोलीस ठाण्यात श्वास तपासणीला नकार द्यावा का, किंवा छातीत दुखत असल्याचे सांगून दोन तास काढावेत का, असा विचार चालकाच्या मनात आला होता. गणिताने पाहिले तर उशिराचा मोह समजण्यासारखा आहे, कारण अकराच्या पुढे रक्त घेतले असते तर आकडा कदाचित ३० च्या खाली आला असता. पण कायद्याने हा मार्ग आधीच अरुंद केलेला आहे. कलम २०३ नुसार अपघातानंतर गणवेशातील पोलीस अधिकारी संशयाला वाजवी कारण असल्यास श्वासाचा नमुना मागू शकतो. मद्याचा संशय असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि त्यानंतर कलम २०४ नुसार डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना घेता येतो. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार आरोपीच्या विरोधातील पुराव्याला बळ देणारी परिस्थिती म्हणून धरता येतो, असे कलम २०५ म्हणते. म्हणजे नकार देणारा आकड्यापासून वाचला तरी नकाराच्या अर्थापासून वाचत नाही.

चालकाने दोन्ही नमुने दिले. तपासणीची चिठ्ठी त्याने नीट वाचली, तिच्यावरचा यंत्राचा क्रमांक आणि वेळ पाहिली आणि मगच सही केली. रक्त घेताना डॉक्टरांनी त्वचा स्पिरिटने पुसली नाही, हेही त्याच्या लक्षात राहिले. स्पिरिटमध्ये मद्यार्क असल्यामुळे या तपासणीत ते वापरायचे नसते. असे लहान तपशील आरोपीच्या हक्कांचे असतात. ज्याला तपासणीला आव्हान द्यायचे आहे त्याच्यासाठी यंत्राचे कॅलिब्रेशन (अचूकतेची जुळणी), नमुन्याची वेळ आणि सीलबंद करण्याची पद्धत हेच खरे मुद्दे आहेत, पोलिसांशी घातलेली हुज्जत नव्हे.

चौथा टप्पा: न्यायालयात. दोषारोपपत्र चौथ्या महिन्यात दाखल झाले. त्यात मोटार वाहन अधिनियमाची कलमे १८४ (धोकादायक रीतीने वाहन चालवणे) आणि १८५, तसेच भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि १२५ (ब) (निष्काळजी कृत्यातून गंभीर दुखापत) होती. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत असते, आणि निष्काळजी कृत्यातून तशी दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वकिलांसमोर तीन मार्ग होते: सर्व आरोप नाकारून खटला लढवणे, सर्व कबूल करणे, किंवा कलम १८५ कबूल करून बाकीचे आरोप लढवणे. पहिल्या मार्गात दोन्ही तपासण्यांचे आकडे आडवे येत होते. दोन वेगळ्या पद्धतींनी, दोन वेगळ्या ठिकाणी मिळालेले आणि परस्परांशी जुळणारे निष्कर्ष खोडून काढणे जवळजवळ अशक्य होते. दुसरा मार्ग गंभीर दुखापतीच्या शिक्षेकडे जात होता. तिसरा निवडला गेला.

निवड चुकीची नव्हती, पण तिची किंमत घरच्यांना पुरेशी समजावली गेली नव्हती. कलम १८५ खाली दोष सिद्ध झाला की कलम २० (२) नुसार न्यायालयाला चालकाला किमान सहा महिन्यांसाठी वाहन चालवण्यास अपात्र ठरवावेच लागते. कायद्याची भाषा इथे सक्तीची आहे. दंड किती लावायचा आणि कैद द्यायची की नाही याचा विचार न्यायालय करू शकते, सहा महिने मात्र ठरलेले आहेत. घराची भाकरी चाकांवर अवलंबून असलेल्या माणसासाठी तोच शिक्षेचा खरा गाभा आहे, आणि कबुलीच्या आदल्या संध्याकाळी झालेल्या चर्चेत त्याचा उल्लेखही नव्हता.

केलेली कारवाई आणि तिचे परिणाम

लायसन्स पोलिसांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २०६ (४) नुसार हे करणे त्यांना बंधनकारक आहे. आरटीओने कारणे दाखवा नोटीस काढली. चालकाला वाटले की प्रकरण न्यायालयात असल्यामुळे आरटीओ निकालाची वाट पाहील, म्हणून तो सुनावणीला गेलाच नाही. परिणामी कलम १९ (१अ) खाली तीन महिन्यांच्या अपात्रतेचा एकतर्फी आदेश झाला. ही प्रक्रिया प्रशासकीय आहे आणि तिला दोषसिद्धीची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना अशा चालकांची लायसन्स किमान तीन महिने निलंबित करायला सांगितले होते, पुढे कायद्यातच तशी तरतूद झाली. मुदत संपल्यावरही लायसन्स आपोआप परत मिळत नाही. उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि त्यात चालकाचे आणखी काही आठवडे गेले.

लायसन्स हातात येऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा न्यायालयाचा आदेश आला: १०,००० रुपये दंड, न्यायालय उठेपर्यंत (म्हणजे त्या दिवसाचे कामकाज संपेपर्यंत) कैद आणि सहा महिन्यांची अपात्रता. “दंड भरला ना, मग लायसन्स पुन्हा का घेतलं?” हा चालकाच्या पत्नीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की पहिली अपात्रता परवाना प्राधिकरणाची, म्हणजे आरटीओची, होती आणि दुसरी न्यायालयाच्या शिक्षेचा भाग होती. दोन्हींचे अधिकार वेगळे आहेत. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. न्यायालयाचा आदेश सर्व प्रकारच्या वाहनांना लागू असल्यामुळे मुलाला शाळेत सोडण्यासाठी दुचाकीही काढता येत नव्हती.

विम्याचा धक्का वेगळाच होता. मोटारीच्या दुरुस्तीचा दावा विमा कंपनीने नाकारला. मद्याच्या अमलाखाली चालवताना झालेले नुकसान पॉलिसीतून वगळलेले असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये इफको टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात असे स्पष्ट केले आहे की श्वास किंवा रक्त तपासणीचा अहवाल नसला तरीही विमा कंपनी इतर पुराव्यांवरून चालक अमलाखाली होता हे दाखवू शकते. इथे तर दोन अहवाल आणि न्यायालयातली कबुली होती. दुरुस्तीचा सगळा खर्च चालकाने स्वतः केला.

नोकरीत चालकाने घटनेच्या दिवशीच दुपारी वरिष्ठांना सर्व सांगितले. कंपनीने त्याला काढले नाही, सुट्या भागांच्या काउंटरवर बसवले. मूळ पगार राहिला, फिरतीचा भत्ता आणि विक्रीवरचा वाटा गेला. त्याच्या मासिक उत्पन्नाचा मोठा भाग याच दोन गोष्टींतून येत होता.

जखमी महिलेची बाजू

कायद्याविषयीच्या लेखनात जखमी व्यक्ती बहुधा ‘फिर्यादी’ या एका शब्दात आटोपली जाते. इथे तसे करणे अन्यायाचे होईल. मोडलेले मनगट उजवे होते. कणीक मळणे, पोळी लाटणे, तवा उचलणे ही सगळी कामे त्याच हाताची. सहा आठवडे प्लास्टर होते आणि ते निघाल्यावरही मनगट पुरते वळत नव्हते. सुरुवातीला बहीण येऊन पोळ्या करून देत होती, पण डबे वेळेवर जाईनात आणि गिऱ्हाइके एकेक करून दुसरीकडे गेली. त्यांतली बरीचशी पुन्हा आली नाहीत.

तिने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल केला. चालक प्यायलेला असला तरी त्रयस्थ जखमी व्यक्तीला भरपाई मिळावी यासाठी न्यायाधिकरणे अनेकदा विमा कंपनीला आधी रक्कम भरायला आणि नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करायला सांगतात. या दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाली. कंपनीने तिला रक्कम दिली आणि मालकाकडून वसुलीचा हक्क राखून ठेवला. त्यानुसार चालकाला वसुलीची नोटीस आलेली आहे. म्हणजे ‘विमा आहे, तो बघेल’ हा दिलासाही शेवटी त्याच्याच खिशाशी येऊन थांबला.

हीच धडक थोड्या अधिक वेगाने बसली असती तर कलमे बदलली असती. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाला आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव होती असे न्यायालयाला वाटले तर प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जाते. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. त्या अ‍ॅलिस्टर परेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची शिक्षा कायम केली. चौकातल्या त्या सकाळी मनगट आणि मृत्यू यांच्यामध्ये जे काही होते, ते चालकाच्या कौशल्याचे नव्हते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल आदल्या रात्री शक्य होता. सकाळी सातला गाडी चालवायची आहे हे त्याला माहीत होते. अशा वेळी किती प्यायलो हे आठवण्यापेक्षा उलटा हिशेब करणे उपयोगाचे ठरते: ताशी १५ मिलिग्रॅम कमी होणार असतील आणि सातला निघायचे असेल, तर हातात किती तास आहेत? नऊ ते सात या दहा तासांत शरीर साधारण १५० मिलिग्रॅम निपटते, म्हणजे चार मोठ्या पेगांपेक्षा थोडे कमी. यकृताची गती त्याहून संथ असलेल्या माणसाला तेवढेही पेलत नाहीत. हा हिशेब पिण्याची परवानगी म्हणून वापरू नये, कारण हाताने ओतलेल्या पेगाचे माप आणि स्वतःच्या यकृताची गती या दोन्ही गोष्टी अंदाजाच्या आहेत. चावी रात्रीच सहकाऱ्याकडे दिली असती तर हिशेबाचीही गरज उरली नसती, आणि ज्येष्ठाने ती स्वतःहून दिली असती तर कनिष्ठाला सकाळी संकोचाने विचारावे लागले नसते. कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली होती. फिरतीवरच्या माणसाने ‘आज सकाळी मी गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही’ असे कळवले तर त्याला जाब विचारला जाणार नाही, असा लेखी नियम तिथे नव्हता. या प्रकरणानंतर तो झाला आहे.

आरटीओच्या नोटिशीला उत्तर देऊन सुनावणीला जायला हवे होते. निकाल बदलला असताच असे नाही, कारण पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने कायद्यातच लिहिलेले आहेत. तरीही बाजू नोंदवली गेली असती, आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते हे त्याला मुदत संपण्यापूर्वी कळले असते.

न्यायालयातल्या कबुलीआधी दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. पहिली म्हणजे सहा महिन्यांच्या अपात्रतेची आणि विम्यावर होणाऱ्या परिणामाची पूर्ण कल्पना घरच्यांना देणे, म्हणजे नोकरीची आणि मुलांच्या ये-जा करण्याची सोय आधीच लावता आली असती. दुसरी गोष्ट शिक्षेच्या युक्तिवादाची आहे. कलम २० (१) मधील अपात्रता सर्व प्रकारच्या वाहनांसाठी किंवा एखाद्या विशिष्ट प्रकारापुरती असू शकते. गुन्हा मोटारीचा होता, पूर्वी कोणताही गुन्हा नव्हता आणि चालकाने जखमीला स्वतः रुग्णालयात नेले होते. अपात्रता मोटारीपुरती ठेवावी अशी विनंती तरी करता आली असती. ती मान्य झालीच असती असे म्हणता येत नाही, पण ती केलीच गेली नाही.

जखमी महिलेच्या बाबतीत चालकाची इच्छा पहिल्या आठवड्यापासून मदत करण्याची होती. रुग्णालयाचे पहिले बिल त्याने भरले. त्यानंतर परिचितांनी त्याला अडवले. पैसे देणे म्हणजे चूक कबूल करणे आणि त्याचा वापर दाव्यात होईल, अशी भीती त्यांनी घातली. वकिलांमार्फत, लेखी नोंद ठेवून आणि अंतिम भरपाईतून वजा करण्याच्या अटीवर अशी मदत देता येते, हे त्याला खूप उशिरा समजले. तिच्या हाताला काम नव्हते ते आठवडे या गैरसमजात गेले आणि लोकअदालतीतली रक्कम हातात आली तेव्हा तिची गिऱ्हाइके विखुरलेली होती.

सध्याची स्थिती

कलम २८१ आणि १२५ (ब) चा खटला प्रलंबित आहे. सहकाऱ्याची साक्ष अजून व्हायची आहे. चालकाची अपात्रता संपली असून त्याला लायसन्स परत मिळाले आहे, मात्र तो अजून काउंटरवरच आहे. विमा कंपनीच्या वसुलीच्या रकमेसाठी हप्ते बांधून मिळावेत असा अर्ज त्याने केला आहे. दोषसिद्धीची नोंद कायम राहणार असल्याने कलम १८५ खाली पुन्हा पकडला गेला तर तो दुसरा गुन्हा धरला जाईल. पूर्वी कडक शिक्षेसाठी दोन गुन्ह्यांमधील अंतर तीन वर्षांच्या आत असण्याची अट होती, २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. दुसऱ्या वेळी आरटीओकडून लायसन्स निलंबित होत नाही, रद्द होते.